मुखत्यारीचं पाणी

मुखत्यार या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ मी वाचला आहे. दुसऱ्याच्या वतीने कारभार करण्याचा अधिकार ज्याला सोपवला आहे तो, असं तिथे दिलं आहे. अर्थ बरोबरच असेल, पण आमच्या गावात तो कोणाच्या कामाचा नव्हता. आमच्याकडे ‘वतीने’ वगैरे भानगड नव्हती. ज्याने अधिकार दिला तो माणूस शिवेपर्यंतच तो माणूस असायचा. शीव ओलांडली की तो उरायचाच नाही, मागे राहिला तोच तो. बाबा बाहेरगावी गेले की दामूकाका बाबांच्या जागी नसत, ते बाबाच असत. हा फरक आधी सांगून टाकते, कारण तो समजला नाही तर माझं लग्न भर उन्हात गावाच्या शिवेवर का अडकलं होतं हे कोणाला समजायचं नाही, आणि मग मी थापा मारते असं माझ्या नातवंडांना वाटतं तसं तुम्हालाही वाटेल.

आरमोरीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. चहूकडे धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे जंगल. आमच्या पणजोबांची जमिनीची काही भानगड चांद्याच्या कोर्टात चालली होती, तिथून ते हा शब्द गावात घेऊन आले. निकाल काय लागला ते पुढे घरात कोणाला आठवेना, शब्द मात्र टिकला. कागद आमच्या लोकांना भरवशाचा वाटत नसे, म्हणून पणजोबांनी कागदाच्या जागी पाणी आणलं. अंगणात चार माणसं बोलवायची, ज्याला अधिकार द्यायचा त्याने उजवा हात पुढे करायचा, देणाऱ्याने तांब्यातलं पाणी त्या हातावर सोडायचं आणि म्हणायचं, मी येईपर्यंत हा जे म्हणेल ते मीच म्हटलं. झालं. हात पुसायचा नाही, वाऱ्याने वाळू द्यायचा. मुखत्याराला अडचण आली तर तो असंच पाणी घालून पुढच्याला देऊ शकत होता. परत देताना मात्र ज्याच्याकडून घेतली त्यालाच, समोरासमोर, तसंच पाणी घालून. मधला माणूस गाळून चालत नसे. एवढा कडक कायदा सरकारचाही नसेल.

हळूहळू सगळ्या गावाला त्याची चटक लागली. किराणा दुकानवाला नाल्यावर जायचा झाला तरी गिऱ्हाइकाच्या हातावर पाणी घालून जाई आणि ते गिऱ्हाईक स्वतःलाच उधार नाकारत बसे. सोनबा आजांची गोष्ट तर सगळ्या गावाला पाठ होती. ते तरुण असताना एकदा त्यांचं बायकोशी सकाळी सकाळी जोरात भांडण जुंपलं आणि तेवढ्यात आरमोरीची बस आली. बस सोडवेना आणि भांडणही सोडवेना. तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, त्याच्या हातावर पाणी घातलं, आणि बसमध्ये जाऊन बसले. शेजारी इमानी माणूस. तो ओट्यावर उभा राहून दिवसभर सोनबांच्या बायकोशी भांडला. त्याची स्वतःची बायको येऊन त्याला जेवायला बोलावून गेली, पण मुखत्यारीत आहे म्हणून तो गेला नाही. सोनबा संध्याकाळी परत आले, दोघांनी पाणी करून भांडण परत घेतलं, आणि मग कुठे तो घरी गेला. पुढे म्हातारपणी याच सोनबांना मुखत्यारीच्या नियमांतलं सगळ्यात जास्त कळतं असं गाव मानायचं.

आमच्या घरात तर हा शब्द देवघरातल्या देवासारखा होता, कारण बाबा दर उन्हाळ्यात घर सोडून जात. ते तेंदूपत्त्याच्या फडीवर मुन्शी होते. उन्हं चढली की भामरागडकडच्या जंगलात जायचं, बिडीच्या पानांचे पुडके मोजून घ्यायचे, वाळवायचे, पोत्यांत भरेपर्यंत राखायचे, आणि पावसाआधी घरी यायचं. बाबा सरळ माणूस, पण आपल्या म्हणण्याबाहेर काही होत असेल तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. लाखोळीच्या डाळीत लसूण नको म्हणजे नको. अंबाडीची भाजी पातळ नको. त्यांच्या खाकरण्याचा एक ठराविक आवाज होता, तो फाटकापाशी आला की आई चुलीवरची तवी उतरवायची आणि आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो. आई पहाटेपासून निजेपर्यंत घरातलं आणि शेतातलं सगळं करायची. रोवणीच्या बाया ठरवणं, बियाणं राखणं, गाय विणं, मुलांची दुखणीखुपणी, सगळं. पण घरात एक मडकं नवं आणायचं तरी बाबांना विचारायचं, आणि बाबा फडीवर असले तर दामूकाकांना. आईच्या हातावर कधी पाणी पडलं नव्हतं. बायकांना द्यायची नाही असा काही नियम नव्हता. कोणाला ते सुचलंच नव्हतं, आईलासुद्धा नाही.

माझं लग्न ठरलं ते गोंडपिपरीकडच्या एका मास्तरांशी. ते मला बघायला आले तेव्हा त्यांच्या काकांनी मला शिवण येतं का, रोवणं येतं का, असं विचारून घेतलं, आणि मास्तर मध्येच म्हणाले, मलेही भात करता येते. काकांना ते आवडलं नाही. मला फार आवडलं. मी त्या रात्री आईला सांगून टाकलं की करीन तर याच्याशीच. त्यांचे वडील ते लहान असतानाच गेले होते आणि त्यांच्याकडचा सगळा कारभार हे काकाच बघत. काकांच्या मनात पुतण्यासाठी त्यांच्या साडभावाची मुलगी होती हे आमच्या कानावर आलं होतं, म्हणजे आमच्याकडून काही खोट निघण्याचीच ते वाट बघत होते. शाळेला सुट्टी असताना लग्न व्हावं म्हणून मुहूर्त भर उन्हाळ्यातला निघाला, ऐन तेंदूच्या हंगामातला. आता कोणी म्हणेल, मुलीच्या लग्नाला बाप चार दिवस फडी सोडून येईल. बाबांच्या डोक्यात ते शिरलंच नाही. आईने विचारून पाहिलं तर त्यांना खरंच नवल वाटलं.

“मुखत्यार देऊन चाललो ना,” बाबा म्हणाले, “मंग मी कायले पायजे?”

आणि अंगणात दामूकाकांच्या हातावर पाणी घालून, माझ्या डोक्यावर हात ठेवून ते बसमध्ये बसून गेले. मी रडले नाही, कारण बाबा गेले असं मलाही वाटलं नाही. बाबा तिथेच बाजेवर बसले होते, हात वाळवत.

दामूकाका हे बाबांचे धाकटे भाऊ. एरवी हसरे, आम्हाला आंबे काढून देणारे. पाणी पडलं की मात्र त्यांच्या कपाळाला बाबांची आठी पडे. ते बाबांच्या आवाजात खाकरत. लसूण घातलेली डाळ त्यांना एरवी फार प्रिय, पण मुखत्यारीत असले की ताट बाजूला सारत. एकदा तर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला बाबांसारखी “अवो, ऐकलं का” अशी हाक मारली. आईने हातातला पळा खाली न ठेवता त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काका मागच्या पावली गेले आणि पुन्हा ती हाक त्यांनी मारली नाही, पण काकूने त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही. अधिकाराची हद्द कुठे संपते ते घरात असं ठरत असे. माझ्या मुलाच्या सोसायटीत परवा सेक्रेटरी गावी गेला आणि चार्ज कोणाकडे यावरून पाण्याचा पंप दोन दिवस बंद राहिला. सगळे वैतागले होते. मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या दिवशी मी हळद लागलेल्या अंगाने आतल्या खोलीत पाटावर बसले होते, आणि जे काही झालं ते आधी मी कानांनीच पाहिलं. मांडवावर जांभळीच्या डहाळ्या घातल्या होत्या, त्या उन्हाने सुकून सळसळत होत्या. बाहेर चुलखंडावर भाताची मोठी गंजं चढली होती. दुसऱ्या गावाहून आणलेला डफडेवाला, मारोती त्याचं नाव, आपलं डफडं जाळावर धरून तापवत होता आणि मधून मधून त्याच्यावर बोट मारून आवाज बघत होता.  तेवढ्यात दामूकाकांचा आवाज चढला. भांडण वांग्याच्या भाजीचं होतं. काकांनी सांगितलं होतं की नुसती वांगी, आणि आईने माणसं वाढतील म्हणून स्वयंपाक्याला बटाटे टाकायला सांगितले होते. काकांचं म्हणणं, हा माझा अपमान नाही, हा मोठ्या भावाचा अपमान आहे, मी कोण, मी तर काही नाहीच. काकू म्हणाली, काही नाही तर मग बसा गुमान. हे त्यांना फार लागलं. त्यांनी ताडकन तांब्या मागवला, समोर फुफाजी उभे होते, आत्याचे यजमान, त्यांचा हात ओढून त्याच्यावर पाणी घातलं आणि चपला घालून बस धरायला निघून गेले. ते आरमोरीला जाऊन एका ओळखीच्या ओट्यावर दिवसभर रुसून बसले होते असं मागाहून कळलं.

फुफाजी अतिशय भिडस्त आणि त्याहून भित्रे. त्यांनी आयुष्यात कशालाही हो किंवा नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. पाणी पडल्यावर त्यांना सगळ्यात आधी काकांना मुखत्यारी परत द्यायची होती, पण काकांची बस सुटली होती. मग माणसं एकामागून एक येऊन विचारू लागली. वरण पातळ करायचं का घट्ट, जानवसा शाळेत द्यायचा का देवळात, नवरदेवाला पाणी कोण देणार. प्रत्येकाला ते एकच उत्तर देत होते, भाऊ आल्यावर सांगू. कोणीतरी म्हणालं, भाऊ पावसाळ्यात येते, आणि सध्या भाऊ तर तुम्हीच हाव. ते ऐकून फुफाजींना घाम फुटला. अर्ध्या तासात सगळी कामं थांबली, आणि आई तेवढी कोणाला न विचारता भाताखालची लाकडं मागेपुढे करत राहिली.

त्याच वेळी वरातीचा ट्रक आला. शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली तो थांबला तो आवाज मला आत ऐकू आला. आमच्याकडे वरात शिवेवर थांबते आणि मुलीकडचा कर्ता माणूस वाजतगाजत जाऊन मुलाकडच्या कर्त्या माणसाला छातीशी धरतो. व्याह्यांची ही भेट झाल्याशिवाय नवरदेव गावात पाय ठेवत नाही. आता ही भेट फुफाजींना करायची होती. कोणीतरी त्यांना बजावलं की एकदा गळाभेट घेतली की जन्मभर पोरीच्या बऱ्यावाईटाला तुम्हीच जबाबदार, आणि फुफाजींचं उरलंसुरलं अवसान गेलं. त्यांनी हातातला तांब्या घेतला आणि सगळ्यात जवळ जो हात दिसला त्याच्यावर पाणी ओतून, ठरलेलं वाक्य पुटपुटून, मागच्या दाराने पळ काढला. तो हात मारोती डफडेवाल्याचा होता.

मारोतीच्या गावात ही पद्धत नव्हती. त्याला वाटलं, आता जेवायला बसवतात म्हणून हातावर पाणी घातलं. तो पत्रावळ शोधत पंगतीकडे गेला तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं की बाबा रे, आता तूच नवरीचा बाप. मारोती शहाणा माणूस होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाला, ठीक हाय, पन मंग वाजवील कोन? हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बापाने स्वतःच्या मुलीच्या लग्नात डफडं बडवायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. डफडं वाजल्याशिवाय शिवेवर जायचं नाही, हेही मान्य होतं. आणि मारोतीने जाऊन मास्तरांच्या काकांना छातीशी धरायचं, यावर चार जाणते लोक नुसते खाकरत होते. त्यांच्या मनात काय होतं ते मारोतीलाही कळत होतं आणि मलाही, पण ते बोलून दाखवायची हिंमत कोणात नव्हती, कारण पाणी पडलं होतं. मारोती फुफाजींना शोधत गेला. ते तणसाच्या ढिगामागे दोन्ही मुठी आवळून बसले होते. आवळलेल्या मुठीवर पाणी चालत नाही, असं सोनबा आजांनी सांगितलं. मग मारोती तांब्या घेऊन मांडवात आला, की कोणीतरी घ्या बाप्पा, मले दुपारी दुसऱ्या लग्नात जाचं हाय. तो जवळ आला की माणसं हात काखेत घालत होती. माझे मामा, चुलत भाऊ, गावातले पंच, सगळे. लग्नाचा मांडव आणि त्यात शेपन्नास पुरुष काखेत हात घालून उभे, हे मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला आधी हसू आलं, आणि मग ट्रक सुरू केल्याचा आवाज आला.

एक पोरगा धावत सांगत आला की मास्तरांचे काका म्हणतात, इथी मान देनारं कोनी नाई, ट्रक वळवा. मला कळलं की हेच व्हायला त्यांना हवं होतं, आणि आमच्याच लोकांनी ते त्यांच्या हातात दिलं. मास्तर खालमानेने ट्रकमध्ये चढले की संपलं. मला रडू आलं नाही, मला राग आला. इतका राग मला नंतर सबंध आयुष्यात फार थोड्या वेळा आला. बाबांचा आला, भामरागडच्या जंगलात कोणाचे तरी पुडके मोजत बसलेल्या माझ्या बापाचा, आणि काखेतल्या त्या सगळ्या हातांचा. मी पाटावरून उठले, हळदीच्या अंगाने तशीच मांडवात आले आणि मारोतीसमोर हात धरला.

“घाल पानी,” मी म्हटलं.

त्याने क्षणाचाही विचार केला नाही. पाणी पडलं आणि मारोती मोठ्याने श्वास सोडून आपलं डफडं घ्यायला धावला. पण सोनबा आजा आडवे आले. त्यांचं म्हणणं, नवरी स्वतःच स्वतःला कशी देणार, देणारा एक लागतो आणि जाणारी एक लागते. कायद्याने ते बरोबर होतं. मी तांब्या घेऊन चुलखंडाकडे गेले. आई भाताच्या गंजावर वाकली होती, घामाने निथळत होती. तिला हे सगळं माहीत होतं, पण तिच्या लेखी तो पुरुषांचा गोंधळ होता आणि भात हा तिचा होता.

“माय, हात पुढं कर,” मी म्हटलं.

“काय कराचं ते लवकर कर वो, भात गिजगा होऊन राह्यला,” असं म्हणून तिने न बघताच हात पुढे केला. मी पाणी सोडलं आणि ते वाक्य म्हटलं. मी येईपर्यंत ही जे म्हणेल ते मीच म्हटलं. तेव्हा कुठे तिने मान वर केली. ओल्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिने तो हात पदराला पुसला. मांडवात कोणीतरी हाय हाय केलं. आई म्हणाली, पुसला तरी पानी तं पडलंच ना. सोनबा आजांनी पुष्कळ आठवून पाहिलं पण यावर त्यांच्याकडे काही सापडलं नाही. आईने स्वयंपाक्याला भात उतरवायला सांगितलं आणि तशीच निघाली. पुढे आई, मागे मारोतीचं डफडं, आणि त्याच्यामागे आम्ही बाया. नवरी शिवेवर जात नाही, पण तोपर्यंत काय होतं आणि काय होत नाही याचा हिशेब कोणाकडे राहिला नव्हता.

ट्रक अर्धा वळला होता. आईने हात वर केला तसा तो थांबला. मास्तरांचे काका खाली उतरले आणि त्यांनी विचारलं, तुमचा कर्ता माणूस कुठी हाय. आई म्हणाली, मीच हाय. आता पंचाईत आली. काका छातीशी धरायला पुढे येऊ शकत नव्हते, आणि आईही नाही. काकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं. आईने त्यांच्याकडे जास्त बघितलंच नाही. ती ट्रकच्या पुढच्या दाराशी गेली. तिथे ड्रायव्हरच्या बाजूला मास्तरांची आई डोक्यावरून पदर ओढून बसली होती. त्या काळी नवऱ्यामुलाची आई वरातीत येत नसे, त्यातून विधवा असली तर नाहीच. मास्तरांनी हट्टाने आणलं होतं, आणि ती कोणाला अपशकून नको म्हणून तिथेच अंग चोरून बसून राहिली होती. आई पायरीवर चढली.

“पोरगा कोनाचा हाय?” आईने तिला विचारलं.

“माहा,” ती इतकं हळू म्हणाली की डफडं थांबलं नसतं तर ऐकू आलं नसतं.

“मंग खाली ये. भेटाचं हाय.”

ती उतरली. दोघींनी एकमेकींना धरलं तेव्हा माझ्या सासूच्या तोंडून एक आवाज आला, तो हसण्याचा होता का रडण्याचा ते मला आजही सांगता येणार नाही. नवरा गेल्यापासून कोणत्याच मंगलकार्यात तिला कोणी जवळ घेतलं नव्हतं, हे पुढे तिनेच मला सांगितलं. आईच्या न पुसलेल्या हाताची भाताची पेज तिच्या पाठीवर पांढरी उमटली. काका काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात मारोतीने डफड्यावर अशी थाप मारली की मोहावरचे पक्षी उडाले, आणि तो जो वाजवत सुटला तो काकांना बोलू न देण्याचा चंग बांधल्यासारखा. मास्तर माझ्याकडे बघत होते. नवऱ्याने नवरीला शिवेवर उन्हात उभी बघितल्याचं हे आमच्या गावातलं पहिलंच उदाहरण असेल. त्यांनी हसून मान डोलावली. वरात गावात आली, भात गिजगा म्हणजे पार लगदा झाला होता, आणि बटाटे घातले म्हणूनच भाजी पुरली.

बाबा पावसाच्या तोंडावर परतले. तोवर मी सासरी गेले होते, त्यामुळे पुढचं मला काकूने सांगितलं. बाबांनी अंगणात पिशवी ठेवली आणि नेहमीप्रमाणे दामूकाकांना हाक मारून हात पुढे केला. काकांनी आपल्याकडे नाही म्हणून सांगितलं. फुफाजींकडे नव्हती, मारोतीकडे नव्हती. शेवटी सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई धान निवडत होती. ती म्हणाली की द्यायला माझी ना नाही, पण मला तुम्ही नाही दिली, कमलने दिली. ती आली की तिला देईन, मग ती मारोतीला देईल, तो फुफाजींना, ते दामूभावजींना, आणि मग तुमची तुम्हाला. मधला माणूस गाळायचा नाही, हा तुमच्याच घरचा कायदा. बाबांनी यावर रात्रभर विचार केला, म्हणे. त्यांना तो मोडता येईना. आपल्या आजोबांनी घालून दिलेलं आपणच मोडलं तर उद्या गावात कोणाच्या शब्दाला काय किंमत राहणार.

मी पोळ्याला माहेरी गेले. अंगणात पाय ठेवला तर ओळीने माणसं उभी. बाबा, दामूकाका, फुफाजी आणि शेवटी मारोती. बाबांनी त्याला त्याच्या गावाहून शोधून आणलं होतं, आणि तो सणाच्या दिवशी घर सोडून आल्याबद्दल कुरकुरत होता. प्रत्येकाने बाह्या मागे सारल्या होत्या. बाबांच्या हातात भरलेला तांब्या होता. मी आधी पाणी प्यायला आत गेले. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला मला खिडकी दिसली. माझ्या आठवणीत तिथे भिंतच होती आणि आई त्या धुराच्या कोंडीत डोळे पुसत चुलीशी बसलेली. ती कितीदा खिडकी मागायची आणि बाबा कितीदा बघू म्हणायचे, हे मी जन्मभर ऐकत आले होते. आता त्या खिडकीतून पावसातला गार उजेड थेट तिच्या तोंडावर पडला होता. डाळीचा वास आला, त्यात लसूण होता. मी काय करते ते ती बघत राहिली. तिचे डोळे लाल नव्हते. आईचे डोळे पांढरे असतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला भडभडून आलं.

मी बाहेर आले. बाबांनी तांब्या पुढे केला आणि म्हणाले, घे आता तिच्यापासून.

“मी नाई घेत, बाबा,” मी म्हटलं. “मी अजून आलीच नाई समजा.”

 फुफाजींनी सुटकेने बाह्या खाली केल्या. मारोतीने मग मी जाऊ काय म्हणून विचारलं, आणि आईने आतूनच सांगितलं की जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. बाबांनी तांब्याकडे बघितलं. कपाळाची आठी आली, गेली, पुन्हा आली. मग त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं, तांब्या पालथा घातला, आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन उंबऱ्याबाहेरच थांबले.

“मी जेवाले बसू काय?” त्यांनी आईला विचारलं.